बॅगेतच राहिलेलं शाईचं पॅड

थांबा, हे आत्ताच सांगते, चहा नंतर. अंगावरचा काटा अजून गेला नाहीये.

माझं एमएचं संशोधन आहे, साक्षरता वर्ग मध्येच सोडणाऱ्या बायकांवर. आज दुपारी नायगावहून जवळच्या गास गावात गेले. हजेरीतून नाव गेलेल्या एका काकींची मुलाखत घ्यायची होती. भाजीच्या वाडीत त्या आणि अजून चौघी मेथीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या.

मुलाखतीआधी संमतीपत्रावर सही लागते. मी हुशारी करून अंगठ्यासाठी शाईचं पॅड नेलेलं. मी! जी सेमिनारमध्ये स्त्रीवादी दृष्टिकोनावर स्लाइड्स दाखवते! पॅड काढणार तेवढ्यात काकींनी हात पदराला पुसले, कागद घेतला आणि मोठ्याने वाचायला लागल्या. शब्दाखाली बोट, घाई अजिबात नाही. खरं सांगू, ते पत्र मीसुद्धा इतकं नीट वाचलं नव्हतं.

‘वर्ग सोडलेल्या महिला’ इथे बोट थांबलं.

“बाय, हे कोनी लिवलं?”

मीच, म्हटलं.

“आमी वर्ग नाय सोडला. वेळ सोडली.”

वर्ग भरायचा दुपारी दोनला. जुड्या बांधायची वेळही तीच. मग यांनी वर्गच वाडीत आणला. टोपलीवर घालायचा जुना पेपर रोज एकीने वाचायचा, आणि वाचणारीच्या वाट्याच्या जुड्या बाकीच्यांनी बांधायच्या. दोन वर्षं हे चाललंय! त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं. माझ्या एवढ्या लांबलचक प्रश्नावलीतही तो प्रश्न नव्हता.

“खोट्यावर सही नाय करनार,” काकी शांतपणे म्हणाल्या.

सही नाही तर मुलाखत नाही. आणि माझ्या प्रबंधाच्या शीर्षकातच ‘वर्ग सोडलेल्या’ आहे. मी पेन पुढे केलं. त्यांनी ‘सोडलेल्या’ खोडलं, वर सावकाश ‘चालवणाऱ्या’ लिहिलं, मग सही केली. एवढा वेळ गेला म्हणून काकींच्या वाट्याच्या जुड्या मला बांधायला लावल्या. दोन सुटल्या. “एमए ना गं तू?” एक जण म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

परत येताना माझ्या गाईड मॅडमना फोन केला, शीर्षक बदलायचंय म्हणून. त्या म्हणाल्या, बदल, पण आधी तो कागद जपून ठेव.

तुम्हीही कधी समोरच्या बाईबद्दल सगळं आधीच ठरवून गेला होतात का? तुमच्या बॅगेत काय होतं?