मामा जामीन राहिले

निवृत्त होऊन बराच काळ लोटला, पण ओकव्हिलमधल्या त्या घराच्या दाराशी ठेवलेले बूट अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडील लातूरच्या बाजारात हमाली करत. ते म्हणायचे, "न कळलेला शब्द गिळू नकोस, विचार." कॅनडात पोलिसात नोकरी करताना तो सल्ला मला कायद्याच्या पुस्तकांपेक्षा जास्त कामी आला.

मी तेव्हा कौटुंबिक हिंसेच्या तपासपथकात होतो. एका तरुणाला बायकोला मारहाण केल्याबद्दल अटक झाली होती. कोर्टाने त्याला त्याच्या मामांच्या जामिनावर सोडलं. अटी साध्या होत्या. मामांच्या घरी राहायचं, त्यांच्याशिवाय बाहेर पडायचं नाही, आणि बायकोशी कसलाही संपर्क नाही, दुसऱ्याकरवीसुद्धा नाही. बायको जवळच्याच मिल्टन गावात एका घराच्या बेसमेंटमध्ये राहायला गेली. "पार्किंगमध्ये कुणीतरी उभं असतं," असं ती आम्हाला दोनदा सांगून गेली होती, पण पुरावा नव्हता.

जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी स्टेशनवर फोन आला. फोनवरच्या बाई मराठी बोलणारा अधिकारी मागत होत्या.

"साहेब, माझं नाव कुठे येऊ देऊ नका. तो जामिनावर सुटलेला मुलगा आहे ना, त्याच्या मामांकडे आज हळदीकुंकू आहे. त्याच्या बायकोलाही बोलावलंय. बायका गेल्या की दोघांना समोरासमोर बसवणार आहेत. मिटवायला."

आमच्या लोकांची ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे! वडीलधारे मध्ये बसले की सगळं मिटतं, अशी श्रद्धा. माझा सार्जंट स्कॉटिश घराण्यातला, तरुणपणी एडिनबरोला कायदा शिकून आलेला. त्याला घेऊन मी निघालो.

मामांनीच दार उघडलं. सत्तरीचे इंजिनिअर, अंगावर इस्त्रीचा शर्ट. आम्हाला बघून चेहरा उतरला, तरी "या" म्हणाले. दिवाणखान्यात बाकीच्या बायका गेलेल्या, तिळगुळाचे ताट रिकामे झालेले. सोफ्याच्या टोकाला ती मुलगी, भाच्याची बायको, बसली होती. घर चांगलं उबदार, तरी अंगात हिवाळी कोट, चेन गळ्यापर्यंत ओढलेली.

मी शेजारी बसलो. "ताई, इथे कशा आलात?"

"मामींनी बोलावलं. म्हणाल्या, तो वकिलाकडे गेलाय. मोठ्या माणसांना नाही कसं म्हणायचं?" मग आवाज खाली गेला. "दारात त्याचे बूट पाहिले. परत फिरायला हवं होतं. पाय हलले नाहीत."

भाचा खाली बेसमेंटमध्ये होता. सार्जंटने जिन्याच्या तोंडाशी खुर्ची ओढली आणि तिथेच बसला. मी मामांना स्वयंपाकघरात नेलं.

"काका, अटी वाचल्या होत्या ना?"

"वाचल्या. अहो, पण पोलीस, कोर्ट हे परक्यांसाठी. माझ्या ताईने मला शिकवलं, मोठं केलं. तिचा हा मुलगा. त्याच्या पाठीशी उभं राहीन असा शब्द दिलाय मी तिला. जामीन राहिलो तो त्याच्यासाठी."

सार्जंटला मराठी येत नव्हतं, म्हणून मी हे त्याला इंग्रजीत सांगितलं. तो बसल्या जागेवरून म्हणाला, "आमच्या स्कॉटिश कायद्यात जामीनदाराला कॉशनर म्हणतात. लिहितो तसा, पण बोलतो केशनर. मूळ लॅटिन, अर्थ सावध राहणं, सुरक्षेची हमी. आणि हा माणूस नेहमी आरोपीसाठीच उभा राहत नसे."

"म्हणजे?" मी विचारलं. मामाही वळून पाहू लागले.

"स्कॉटलंडमध्ये कित्येक शतकं अशी रीत होती. एखाद्याला शेजाऱ्याची भीती वाटली, तर त्याने कोर्टात शपथेवर सांगायचं. मग कोर्ट त्या शेजाऱ्याला म्हणायचं, तू याच्या अंगाला हात लावणार नाहीस, याची हमी देणारा आण. तो केशनर. तो यायचा शेजाऱ्याच्या ओळखीने, पण हमी द्यायचा भ्यायलेल्या माणसाला."

मामा खिडकीतून बाहेर बघत राहिले. मग दिवाणखान्यात त्या कोटातल्या मुलीकडे पाहिलं.

पार्किंगमध्ये उभा असणारा तो 'कुणीतरी' आठवून मी एवढंच विचारलं, "काका, भाचा एकटा कुठे गेला होता का?"

मी खिशातली वही काढली. 

"गाडीची चावी मीच दिली होती," ते अखेर म्हणाले. "ग्रोसरी आणतो म्हणाला. दोन-तीनदा. रिकाम्या हाताने यायचा. मला कळायला हवं होतं. कळलंच होतं." खुर्चीला धरून उभे राहिले. "मला या जामिनातून मोकळं व्हायचं तर काय करावं लागतं?"

मामी ओट्याजवळून म्हणाल्या, "अहो, ताईंना काय तोंड दाखवणार?"

"ते मी बघेन."

जिन्यावरून भाच्याला वर आणलं, तेव्हा तो म्हणाला, "मामा, तुम्ही पोलिसांना बोलावलंत?"

"नाही. बोलवायला हवं होतं."

अटीभंगाच्या गुन्ह्याखाली त्याला ताब्यात घेतलं. पुढे मामांनी कोर्टात चावीची हकीकत स्वतःच्या तोंडाने सांगितली. कोर्टाने त्यांना जामीनकीतून मोकळं केलं, भाचा कोठडीत राहिला. बहीण त्यांच्याशी बोलत नाही, असं नंतर कानावर आलं.

'जामीन मिळाला' असं आपण म्हणतो तेव्हा कोण सुटलं, एवढंच मनात येतं. आपल्या जुन्या कारभारात मात्र माणसाला हजर करण्याचा हाजीरजामीन वेगळा, आणि तो नीट वागेल याचा फैलजामीन वेगळा असे. सार्जंटच्या देशातला केशनर या दुसऱ्याच्याच जवळचा. सही करताना माणूस आपल्या माणसाचा चेहरा बघतो. ज्याला भीती आहे त्याचा चेहरा बघून सही करणारा मला नोकरीत क्वचितच भेटला.

त्या दिवशी आमची गाडी भाच्याला घेऊन निघाली. मी जबाब नोंदवायला मागे थांबलो होतो. मामी मुकाट्याने कुंकवाची कोयरी घेऊन आल्या. मुलीने आधी खिडकीतून रस्त्याकडे पाहिलं, मग चेन खाली ओढली आणि कोट काढून बाजूला ठेवला. जामीनदाराचं काम झालं की नाही, हे कोर्ट ठरवतं. मला विचाराल तर ते तेव्हा झालं.