दोन खिळ्यांमधलं अंतर

बाबांची सगळी नोकरी जमिनीची मोजणी करण्यात गेली. तिवसा, चांदूर बाजार, जिथं बदली झाली तिथल्या शेतांच्या हद्दी त्यांनी मोजून दिल्या. भूकंपानंतर जमीन किती सरकते ते मोजणाऱ्या पथकात मी लागले, तेव्हा ते हसले होते. "भूकंप झाला, संपला. आता काय मोजतं?"

उत्तरेकडच्या डोंगरात मोठा भूकंप होऊन सहा महिने झाले होते. तिथल्या एका निवृत्त मास्तरांच्या घराखालूनच भेग गेली होती. भिंतीत भेगेच्या दोन्ही बाजूंना मी एकेक खिळा ठोकला होता. मास्तर दर रविवारी अंतर मोजून फोन करत. मी सुट्टीत घरी, तिवस्याला होते. एका रविवारी आंघोळ करून आले, तर फोन बाबांनी घेतलेला.

"एक मिलिमीटर वाढलं म्हन्ते," ते हळू आवाजात म्हणाले. "धक्का नाही, आवाज नाही. मंग सरकवून कोन राह्यलं?"

"जमीनच, बाबा. खाली खोलवर अजून सरकणं चालू हाय. वर्षानुवर्षं चालते."

"अन् ते तिथंच झोपतात?"

पुढच्या खेपेला ते माझ्यासोबत आलेच. मास्तरांच्या बायकोनं चहा दिला. भेग दोनदा लिंपली, दोन्ही वेळा पुन्हा उघडली, असं तिनं सांगितलं. बाबांनी स्वतःच्या टेपनं अंतर मोजलं. मग अंगणात चपला काढून, भेगेच्या दोन्हीकडे एकेक पाय ठेवून, डोळे मिटून उभे राहिले. ती बाई आधी हसली. दहा मिनिटं झाली तशी हसायची थांबली.

"काई कळलं?" मी विचारलं.

"काईच नाही." त्यांचा चेहरा उतरला होता. "थेच तं."

तिवस्याला परतल्यावर शेजारच्या काकांनी बांधाच्या वादात बोलावलं. बाबा गेले नाहीत. "दगड जागेवर हाय, हे मी कोनत्या तोंडानं सांगू?" काकांनी दुसरा माणूस पाहिला.

आता तिथलं सरकणं बरंच मंदावलंय. मास्तर महिन्यातून एकदा फोन करतात, तोही बाबांनाच. आकडा सांगून झाला की दोघं बराच वेळ नुसते फोन धरून बसतात. तेवढा वेळ बाबांनी पाय जमिनीवरून उचलून खुर्चीत वर घेतलेले असतात.