अण्णांचा मासा जेवत नाही

खाऱ्या पाण्याची टाकी घरात ठेवली की तिच्या काठावर मीठ साचतं. आज पुसा, उद्या परत आहेच. आमच्या कंपूचे किस्सेही असेच साचत गेले. कंपू म्हणजे ह्या कानडी शहरातले आम्ही तिघंच: इथल्या शिवाजीनगरात भांड्यांचं दुकान असलेले वसंतअण्णा, इंदिरानगरात राहणारा पुण्याचा निखिल, आणि होसकोट्याच्या कारखान्यात नोकरी करणारा मी, मूळचा निपाणीचा. तिघांनाही खूळ एकच. समुद्रात खूप खोल, जिथं उजेड जेमतेम पोचतो, तिथले मासे पाळायचे. एकेक मासा इतक्या खालून जपून वर आणावा लागतो, की किंमत ऐकून माणूस आधी खुर्ची शोधतो.

*

निखिलच्या माशाला गार पाणी लागतं, म्हणून एसी दिवसभर चालू. तोही फक्त टाकीच्या खोलीत. मे महिन्यात त्याचे बाबा पुण्याहून आले. दोन दुपारी त्यांनी पंख्याखाली घाम पुसत काढल्या. तिसऱ्या दुपारी उशी काखेत मारून म्हणाले, "तुझ्या माशाची हरकत नसेल तर मीही तिथंच पडतो."

पोरगा ओशाळेल असं वाटलं ना तुम्हाला? तो म्हणाला, "झोपा की बाबा. पण घोरू नका, तो बिचकतो."

*

माझा मासा दोन महिन्यांच्या भाड्याएवढा. आल्या दिवशी दगडामागे गेला तो गेलाच. महिनाभर त्याची शेपूटसुद्धा दिसली नाही.

अशात घरमालक भाडं वाढवायला आले. रिकामी टाकी बघून त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "सगळे विकावे लागले काय हो?" मी तोंड उघडायच्या आत माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "असू दे, स्वल्प अडचण सगळ्यांनाच येते. भाड्याचं पुढच्या वर्षी बघू."

ते जिना उतरले आणि मासा ऐटीत बाहेर आला. मी त्याला मनापासून हात जोडले.

*

अण्णांच्या माशाचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. नव्या स्कूटरच्या किमतीचा मासा, आणि आठ दिवस तोंडाला काही लावेना. खोल पाण्यातले मासे असे उपाशी राहून मरतात, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. त्याच्या काळजीनं अण्णांचंही जेवण सुटलं. पानावर बसायचे, भात चिवडायचे आणि उठायचे.

अण्णांच्या पत्नी, आमच्या अक्का, कट्टर शाकाहारी. त्या घरात अंडंसुद्धा येत नाही. माशासाठी आणलेली कोळंबी बाल्कनीतल्या वेगळ्या फ्रिजमध्ये असायची, आणि अक्का तिकडे फिरकायच्याही नाहीत.

नवव्या दिवशी, रविवारी सकाळी, आम्ही तिघं काचेला नाक लावून बसलो होतो. निखिलच्या हातात बॅटरी, माझ्या हातात मोबाईल. अण्णा काचेवरून बोट फिरवत म्हणाले, "पैसे गेले तर जाऊ देत रे. पण ह्याला त्याच्या घरातून मी आणवला."

अक्का स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "चला, तिघंही बाहेर व्हा. जेवणाऱ्याच्या तोंडावर बॅटरी मारून कुणी बघत बसतं का?"

"अगं, पण त्याची कोळंबी..."

"सरी, कळलं. चपला घाला."

आम्ही अर्धा तास जिन्यात उभे. अण्णा दाराकडे बघत होते आणि आम्ही अण्णांकडे. मग दार उघडलं. आत पडदे ओढलेले, दिवे बंद. अक्कांनी पदर नाकाला लावला होता आणि दुसऱ्या हातात चिमट्यात धरलेली रिकामी वाटी होती.

"जेवला," त्या म्हणाल्या. "सगळं संपवलं. आता तुम्ही हातपाय धुवा आणि पानावर बसा."

अण्णांनी तिथंच डोळे पुसले. खरं सांगायचं तर आम्हीही.

आत वळता वळता अक्का थांबल्या. "आणि उद्यापासून कोळंबी ताजी आणा. बिचाऱ्यानं गिळली कशीतरी. असली बर्फातली शिळी मीसुद्धा खाल्ली नसती."