टेलरकाकूंचे दोन आकडे

टेलरकाकूंच्या घरी कात्रीवरच दोघांचं पोट. काकू कापड कापायच्या, काका खालच्या दुकानात लोकांचे केस. दोन्ही धंदे असे, की हात चुकला तो चुकलाच. उडालेला कल्ला परत चिकटत नाही आणि तोकडी कापलेली बाही ओढून लांब होत नाही. म्हणून काकू खडूची रेघ मारायच्या, पुसायच्या, पुन्हा मारायच्या, आणि वर इंचभर कापड जास्तीचं सोडायच्या. तरीही मोठी कात्री हातात घेतली की त्यांच्या पोटात गोळा यायचा. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. काकांना सांगून उपयोग नव्हता, ते म्हणाले असते, मग शिवतेस कशाला!

एकदा त्या कात्रीचा खिळा घट्ट करून घ्यायला लोहाराकडे गेल्या. लोहार फाटकाची कडी वाकवत होता आणि कडी भलतीकडेच वाकली. काकूंनी जीभ चावली, जशी काही चूक त्यांचीच. लोहाराने मात्र कडी पुन्हा विस्तवात सारली आणि कान खाजवत उभा राहिला.

"आता हो?" काकूंनी विचारलं.

"आता काय? तापली की सरळ करायची आणि पुन्हा वाकवायची."

"आणि पुन्हा चुकली तर?"

"पुन्हा तापवायची. लोखंड काय रुसून बसतंय का, काकू?"

काकू घरी आल्या त्या हसतच. इतकी वर्षं आपण चुकीच्या दुकानात बसलो की काय, असं त्यांना वाटून गेलं.

मग मागच्या अंगणात भट्टी उभी राहिली. एक जुनं घमेलं, आतून मातीचा जाड लेप, बाजूने खुपसलेली लोखंडी नळी आणि नळीच्या तोंडाला काकांच्या दुकानातून निवृत्त झालेला केस वाळवायचा ड्रायर. ऐरण म्हणून लोहाराने रुळाचा तुकडा दिला. पण कोळसा पेटायच्या आधी काकूंनी काय केलं असेल, तर स्वतःसाठी जाड सुती ॲप्रन शिवला, तीन खिशांचा, दुहेरी शिलाईचा.

"लोखंडाचा पत्ता नाही आणि लोहारीण नटून तयार," काका म्हणाले. नव्याचे नऊ दिवस, असंही म्हणाले. नऊ दिवस झाले, महिना झाला, ठोकाठोकी काही थांबेना. अंगणात वाकडे खिळे आणि अर्धवट कड्या साठल्या, तेव्हा ते म्हणाले, "एक ना धड, भाराभर चिंध्या!"

"चिंध्यांचं मला सांगू नका हं," काकू म्हणाल्या. "त्यात माझी हयात गेलीये."

तेवढ्यात लेकीला नोकरीच्या गावी खोली मिळाली. खिडकीचा पडदा आईने शिवायचा हे ठरलेलंच होतं. पण बोलण्याच्या भरात काकू म्हणून गेल्या, "दांडी टेकवायचे आकडेसुद्धा मीच करणार!" काकांनी शब्द पकडला. रविवारी लेक राहायला जाणार. तोवर सारख्या मापाचे दोन आकडे झाले तर भट्टी राहील, नाही तर घमेलं भंगारात आणि अंगणात शांतता.

काकूंनी ताठ मानेने हो म्हटलं आणि आत जाऊन घटाघटा पाणी प्यायल्या. भट्टी गेली की मागे फक्त कात्री आणि पोटातला तो गोळा उरणार होता.

पहिला आकडा झकास जमला. टोकाला गोगलगाईसारखा वळसासुद्धा आला. दुसरा मात्र लांब झाला. तिसरा त्याहून लांब. कारण काकूंचा हात! सळई तोडताना तो सवयीने इंचभर जास्तीचं सोडायचा. आणि लोखंड तर ठोकलं की आपणहून वाढतं. कापडाने असा आगाऊपणा कधी केला नव्हता.

शनिवारी दुपारी काका दुकान बंद करून आले आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीमागे राहतात तसे काकूंच्या मागे उभे राहिले. एक डोळा मिटून त्यांनी पहिला आणि शेवटचा असे दोन्ही आकडे पाहिले. खरं तर त्यांनी गप्प बसायला हवं होतं, पैज त्यांचीच होती. पण दोन बाजू वरखाली दिसल्यावर न्हावी गप्प कसा बसेल?

"अगं, एक पुरता संपवून दुसऱ्याला हात लावतेसच कशाला? कल्ले असे होत नाहीत. जरा इकडे, जरा तिकडे. नाहीतर सारखे करता करता गिऱ्हाइकाचं टक्कल होतं."

"आले उंटावरचे शहाणे!" काकू म्हणाल्या, पण दोन्ही आकडे त्यांनी विस्तवात घातले. मग एक ऐरणीवर, एक कोळशात, अशी पाळी सुरू झाली. लांब होता त्याला वळसा जास्त, आखूड होता त्याला दोन ठोके जास्त. काकांनी ड्रायर धरला. "डावा उतरलाय. हं, आता उजवा!" ते ओरडत होते, त्यांच्या भुवया काळ्या झाल्या होत्या, आणि पैज कुणाची हे दोघंही विसरले होते. आकडे निवल्यावर काकांनी शेजारी शेजारी उभे करून त्यांवर आपला कंगवा आडवा ठेवला. कंगवा हलला नाही.

रविवारी लेकीच्या खोलीत आकडे भिंतीवर चढले, दांडी बसली, पडदा लागला. तिघंही मागे सरकून बघू लागली. दांडी सरळ होती. पडदा मात्र जमिनीपासून इंचभर वरच राहिला होता.

आठवडाभर लोखंडाने जास्तीचं सोडू नको म्हणून कान पिळले होते. काकूंनी ते पडद्याच्या कापडावर पाळलं.

लेकीने बाबांकडे पाहिलं, बाबांनी खाली. काकू पोटातल्या गोळ्याची वाट बघत उभ्या राहिल्या. तो आलाच नाही. आलं ते हसू. काकू इतक्या हसल्या की सामानाच्या खोक्यावर बसून डोळे पुसायला लागल्या. चुकलेल्या कापडापुढे बायको हसताना काकांनी जन्मात पाहिली नव्हती. त्यांना फार बरं वाटलं. त्यांनी स्टूल ओढलं, वर चढले आणि आकड्यांचे स्क्रू काढायला लागले.

"बाबा, स्क्रूच इंचभर खाली घेतले तरी चालेल," लेक म्हणाली.

"तू गप्प बस गं," काका म्हणाले. "लोखंड आहे. तापवून ठोकलं की वाढतं."