मंगळसूत्रावर धरलेली बंदूक

लाखनीच्या पुढे हायवेला लागून भंगाराचं गोदाम आहे. तिथे मी धातू निवडते. पितळ, तांबं, स्टील यांचे वेगळे ढीग करायचे. हाताला कळतं, पण व्यापाऱ्याचं तेवढ्यावर भागत नाही, म्हणून मालकाने एक मशीन आणलं. ते ड्रिल मशीनसारखं दिसतं. आम्ही त्याला बंदूकच म्हणतो. तुकड्याला तोंड टेकवून घोडा दाबला की आत कोणकोणता धातू आहे ते पडद्यावर येतं.

ती चालवणाऱ्या साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की दवाखान्यात हाडाचा फोटो काढतात तशी किरणं यातून निघतात. ती दिसत नाहीत, अंगाला लागली तरी कळत नाहीत. तुकडा हातात धरायचा नाही, स्टँडवर ठेवायचा. लाल दिवा पेटला की किरणं चालू. माणसावर तर कधीच धरायची नाही. मी मागे बसून ऐकलं. चार लोकांत माझं तोंड उघडत नाही, पण ऐकलेलं डोक्यात राहतं.

माझी सून त्यानंतर तिथेच कामाला लागली, तिने हे ऐकलं नव्हतं. तिला तिसरा महिना होता. आमच्याकडे पाचवा लागेपर्यंत बाहेर बोलत नाहीत, त्यामुळे गोदामात कोणालाच माहीत नव्हतं.

त्या दुपारी साहेब जेवायला गेले आणि बंदूक टेबलावरच राहिली. एरवी ते बॅटरी काढून कपाटात ठेवत. आम्ही डबे उघडून बसलो होतो. आमच्यातली एक बाई जिभेची तिखट. ती सुनेला म्हणाली, "काय वं, तुह्या मायनं देलेलं मंगळसूत्र सोन्याचं हाय का पितळेचं? लयच चमकून राह्यलं."

"सोन्याचंच हाय."

"मंग दाखव ना! मशीन समोरच हाय."

वजनकाट्यावर बसणारे भाऊ हसत उठले. "लॉकचा नंबर मले ठाऊक हाय. आत्ता दूध का दूध करतो."

सुनेचा हात गळ्याशी गेला. ती मला आत्या म्हणते. "आत्या, काढू का जी?"

मी बोलायच्या आत ती बाईच म्हणाली, "काढतं कायले? सवाशिणीनं गळा रिकामा करू नये. भाऊ, तसंच लावा."

कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. आंघोळीलासुद्धा काढू नको, हे लग्नात मीच सुनेला बजावलं होतं.

भाऊंनी नंबर दाबला. मशीन वाजलं. सुनेने पदर जरा बाजूला केला आणि हसत मान वर केली. वाट्या छातीवर, अन् बंदूक वरून खाली धरलेली, तोंड सरळ पोटाकडे. माझ्या तोंडात घास होता. "नको" म्हटलं ते मलाच ऐकू आलं नाही. भाऊंचं बोट घोड्यावर गेलं. माझी नजर दिव्यावर होती.

शेजारी भंगारातली पितळेची परात होती. ती उचलली आणि फरशीवर आपटली.

भाऊ दचकून मागे झाले. "काय वो बाई! जीव घेता का?"

"तिच्या अंगावर धरू नका," मी म्हणाले. "पोटुशी हाय ती."

भाऊंनी बंदूक टेबलावर ठेवली आणि हात सदऱ्याला पुसले, जणू काही लागलं होतं.

तेवढ्यात साहेब आले. ऐकून त्यांचा चेहरा उतरला. "घोडा दाबला का?"

"नाही जी, पोराची शपथ," भाऊ म्हणाले.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"दिवा नाही पेटला," मी म्हणाले. "मी दिव्याकडंच पाहून राह्यली होती."

त्यांनी पडदा तपासला. शेवटची तपासणी सकाळच्या नळाच्या तुकड्याची होती. मग ते खुर्चीत बसले. "बॅटरी मी काढायला पाहिजे होती," एवढंच म्हणाले. मग स्टँड पुढे ओढून सुनेला म्हणाले, "आता काढून द्या, स्टँडवर ठेवून बघतो. तुम्ही तिकडे दाराशी उभ्या राहा."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या पदराचा दोरा ओढला. डब्यातल्या वरणाची हळद बोटांना होतीच, ती त्याला चोळली आणि तिच्या गळ्यात बांधला. "आता काढ, गळा रिकामा नाही राहत," म्हटलं.

तिने मंगळसूत्र काढून माझ्या हातात दिलं. ते गरम होतं. तिखट बाई खाली बघून डबा बंद करत होती.

"राहू द्या जी," सून साहेबांना म्हणाली. "नाही पाह्याचं आता." आणि माझ्याकडे पाठ करून बसली. मी मंगळसूत्र पुन्हा तिच्या गळ्यात घालायला घेतलं, पण बोटं वरणाने ओशट, फासा काही केल्या लागेना.