कमरा

"थांबा! हा शब्द कुठला?" असं म्हणत मास्तर तर्जनी वर करत आणि समोरच्याचं वाक्य अर्धंच राही. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. देवासच्या शाळेत ते इंग्रजी शिकवायचे, मी गणित. संस्थानच्या पुस्तकालयात धूळ खात पडलेले कोश वाचून ते फ्रेंच, इटालियन, पोर्तुगीज थोडंथोडं शिकले होते. त्या भाषांत बोलायला गावात कोणी नव्हतं, म्हणून आम्हाला ऐकवत.

एकदा शिंपी माप घेत असताना त्यांना 'कमीज' शब्दाची फ्रेंच बहीण 'शमीझ' आठवली आणि हात वर गेला. "भिया, हाथ सीधा रखो, बाँह छोटी हो जाएगी," शिंपी सांगत राहिला. उजवी बाही खरंच आखूड झाली. मास्तरांनी ती कमीज विरेपर्यंत वापरली.

फाळणीनंतरची गोष्ट. दुपारी मी त्यांच्या ओसरीवर बसलो होतो. एक सिंधी माणूस दारात आला. मागे बायको, तिच्या कडेवर मुलगी, पायाशी एक पत्र्याची पेटी.

"माश्टरजी, कमरा मिलेगा?"

तर्जनी वर गेली. मास्तरांनी हिंदीतून शब्दाची सगळी वंशावळ मांडली. पोर्तुगीजांचा कामारा, इटालियनांचा कामेरा, फ्रेंचांचा शांब्र. फोटोवाल्याचा कॅमेरा तोच, अंधारी खोली. लाल बावट्याचा कॉम्रेडही याच कुळातला, एका कमऱ्यात राहणारा तो. "और असली मतलब," ते रंगात येऊन म्हणाले, "कमानवाली छत!"

माणूस हात जोडून ऐकत होता. बाई म्हणाली, "मतलब तो ठीक है, माश्टरजी. छत है कि नहीं?"

मास्तरांचं बोट खाली आलं.

त्यांच्या दोनच खोल्या. एकीत ते, दुसरीत पुस्तकं. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी सगळे कोश त्यांच्या खाटेखाली आणि खाटेभोवती रचले.

"किती दिवसांसाठी, मास्तर?" मी विचारलं.

"ते त्यांना विचारू नका," ते म्हणाले.

आठ वर्षं झाली, तरी ते कुटुंब तिथेच होतं. मुलगी मास्तरांकडून अक्षरं शिकली. मग एका हिवाळ्यात मास्तरांना अर्धांगवायू झाला आणि वाचा गेली. बाई त्यांना पेज भरवी. मुलगी शेजारी बसून फ्रेंच कोश इंग्रजीसारखा वाची. उच्चार चुकला की मास्तर डोळे घट्ट मिटत. ती तोच शब्द दुसऱ्या तऱ्हेने म्हणून बघे.

धारचा पुतण्या त्यांना न्यायला आला तेव्हा बाई म्हणाली, "इधर ही रहने दो ना, भैया." पुतण्या भला माणूस होता, पण घरचं माणूस परक्यांकडे कसं ठेवायचं, असं त्याला वाटलं. तो घेऊन गेला.

वैशाखात माझ्या नावे धारहून कार्ड आलं. मरणाच्या कार्डाचा फाडतात तसा कोपरा फाडलेला होता. मराठी त्या कुटुंबाला समजत नसे, म्हणून मी मास्तरांच्या घरी जाऊन हिंदीतून सांगितलं. बाईने चूल विझवली.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना मला तो सिंधी माणूस मास्तरांच्या ओसरीवर बसलेला दिसला. त्याने डोकं भादरलं होतं.