क्षिप्राची अक्कलदाढ

वय भरलं नसेल तर कायद्याचं मराठी माणसाला ‘अज्ञान’ म्हणतं. सिंगापूरच्या कायद्यात हा शब्द नाही, पण अज्ञान भरपूर आहे, आणि ते मुलांचं नाही.

क्षिप्रा एकोणीस वर्षांची. सेम्बावांगमधल्या माझ्या फ्लॅटची एक खोली तिने भाड्याने घेतली. करारावर तिची एकटीची सही चालली. जवळच्या गोदामात ती फोर्कलिफ्ट चालवते, टनभर माल माणसांच्या डोक्याहून उंच चढवते. त्यासाठीही कुणी बापाला विचारलं नाही.

मी आयुष्यभर जहाजदुरुस्तीच्या यार्डात पाइप जोडले. काम करणारा आणि काम दाखवणारा मला लांबून ओळखू येतो. एकदा तिच्या गोदामात गेलो होतो. माल उचलण्याआधी ती खाली उतरून, गाडीचे काटे मालाखाली नीट गेलेत का, हे वाकून बघत होती. बाकीचे बसल्या जागेवरून अंदाज घेत होते.

तिचा बाप प्रबोध वन-नॉर्थच्या टेक पार्कात मोठ्या पदावर आहे. बुकित तिमाहच्या महागड्या कॉन्डोत एकटा राहतो. क्षिप्रा शाळेत असतानाच तिची आई वारली. पॉलिटेक्निक सोडून मुलगी फोर्कलिफ्टवर बसली, हे त्याला शोभेना. ती ‘लॉजिस्टिक्स’मध्ये आहे, असं तो लोकांना सांगतो.

यंदा तिला अक्कलदाढ आली. आडवी. गाल सुजला, तोंड उघडेना. मी तिला दवाखान्यात नेलं. भूल देऊन कापून काढावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले. काउंटरवरच्या बाईने तिचं वय पाहिलं आणि सांगितलं, एकवीस पूर्ण नाहीत, पालकांची सही आणा.

क्षिप्राने विचारलं, गर्भपात करायचा असता तर? बाई घुटमळली. मग हळूच म्हणाली, त्याला पालकांची सही लागत नाही.

“म्हणजे पोट माझं आणि दाढ बाबांची,” क्षिप्रा मला मराठीत म्हणाली. “दारू प्यायला मी मोठी, सिगारेट ओढायला लहान. फाशीला काय, काका?”

“फाशीला मोठी,” मी म्हणालो.

प्रबोध आला, पण सही करायला नव्हे. माझ्या स्वयंपाकघरात बसून त्याने अट घातली. आधी नोकरीचा राजीनामा, पॉलिटेक्निकला प्रवेश, मग सही. मुलगी गालाला बर्फ लावून समोर बसली होती आणि हा भाजीवाल्यासारखी घासाघीस करत होता.

“तुझ्या भल्यासाठीच सांगतोय. तुला अजून अक्कल नाही, क्षिप्रा.”

“अक्कल आलीय, बाबा. तीच दुखतेय.”

तुम्ही तरी हिला समजवा, असं तो मला म्हणाला. मी म्हटलं, भाडेकरूला मी फक्त बाथरूम धुवायला सांगतो, आणि हिला तेही सांगावं लागत नाही. तो अर्धा चहा टाकून गेला.

वेदनाशामक गोळ्यांनी झोप येते. क्षिप्राने स्वतःहून फोर्कलिफ्टची चावी सुपरवायझरला परत दिली आणि ती हाताने खोकी लावू लागली. सुपरवायझर म्हणाला, पंधरवडा थांबतो, मग गाडी दुसऱ्याला देईन. म्हणजे बापाला काही करायचीच गरज नव्हती. सही अडवून नुसतं बसलं तरी नोकरी जाणार होती. कष्ट न करता काम साधणारी माणसं मी यार्डातही पाहिली आहेत. त्यांना पुढे मॅनेजर करत.

तोडगा क्षिप्रानेच काढला. पूल ओलांडला की मलेशिया, आणि तिथे अठराव्या वर्षी माणूस सज्ञान होतो. शनिवारी आम्ही पुलापलीकडच्या जोहोर बारूची बस धरली. पुलावर गाड्यांची रांग होती, त्यामुळे अक्कल यायला जरा वेळ लागला.

तिथल्या नर्सने माझ्याकडे पाहून विचारलं, वडील का?

“घरमालक,” क्षिप्रा म्हणाली.

नर्सने कागद तिच्यापुढे सरकवला. तिने तो पूर्ण वाचला, मग सही केली. तासाभराने दाढ बाहेर होती.

परतीच्या बसमध्ये प्रबोधचा फोन आला. तिच्या तोंडात कापूस, म्हणून तिने फोन माझ्याकडे दिला. त्याने अट सैल केली होती. पॉलिटेक्निकला गेली तर शनिवार-रविवार गोदामात जायला त्याची हरकत नव्हती.

मी सांगितलं, दाढ निघाली. सही जपून ठेवा. तिचं लग्न एकविशीच्या आत ठरलं तर सिंगापुरात लागेल.

त्याने फोन ठेवला. सूज उतरल्यावर क्षिप्राने सुपरवायझरकडून चावी परत घेतली.